न्यूयॉर्कचं कलम

अमेरिकेत नोकरीसाठी आलेल्या प्रत्येक मराठी घरात एक जाड फाईल असते. जुने पासपोर्ट, पदव्यांची प्रमाणपत्रं, व्हिसाचे आय-७९७, घराच्या कर्जाचे कागद आणि अगदी तळाशी कधीकाळी सही केलेली नोकरीची करारपत्रं. त्या करारपत्रांच्या शेवटच्या पानांवर बहुधा एक कलम सापडतं: ही नोकरी सोडल्यावर इतके इतके महिने तुम्ही आमच्या प्रतिस्पर्ध्याकडे किंवा आमच्या गिऱ्हाइकाकडे काम करणार नाही. याला इकडे 'नॉन-कॉम्पिट' म्हणतात.

गंमत अशी, की या वाक्यात किती दम आहे ते तुम्ही राहता कुठे यावर ठरतं. बॉस्टनच्या आसपास राहत असाल तर ते काही अटींवर तुम्हाला बांधू शकतं. कॅलिफोर्नियात राहत असाल तर ती नुसती शाई. आणि पुण्यात राहत असाल तर नोकरी सोडल्यानंतरच्या काळापुरती तिथेही शाईच. म्हणजे कॅलिफोर्निया आणि भारत यांचं एकमत, आणि ज्या इंग्लंडने आपल्याला कायदा दिला असं आपण म्हणतो तिथे मात्र नियम वेगळा. हे कसं झालं, त्याची ही हकीगत. मी वकील नाही, संगणकाचा माणूस आहे. तेव्हा हा लेख सल्ला म्हणून न वाचता इतिहास म्हणून वाचावा, ही विनंती.

हा धागा माझ्या हाती लागला तो विद्यार्थिदशेत. मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षी एक विषय आपल्या विभागाबाहेरचा घेण्याची मुभा होती. मित्रांनी अर्थशास्त्र घेतलं, एकाने चक्क पोहणं घेतलं. मी परवानगी काढून लॉ स्कूलमधला 'काँट्रॅक्ट्स' घेतला. पुण्यात पहिल्या नोकरीच्या वेळी एका कंपनीने दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला होता आणि पदवीचं मूळ प्रमाणपत्र स्वतःच्या कपाटात ठेवलं होतं. असं करता येतं का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता.

पहिल्याच दिवशी धक्का बसला. आपल्याकडे कायदा शिकायचा म्हणजे आधी कायद्याचं पुस्तक: कलम एक, कलम दोन, व्याख्या, अपवाद. इथे हातात आलं ते हजारभर पानांचं 'केसबुक', आणि त्यात कलम नावाला नाही. नुसते जुने निकाल. प्राध्यापक वर्गात आले, यादीतलं एक नाव पुकारलं आणि त्या बापड्याला म्हणाले, खटल्याची हकीगत सांगा. त्याने सांगितली. मग प्रश्न सुरू. फिर्यादीला नेमकं काय हवं होतं? न्यायाधीशांनी दिलेलं कारण तुम्हाला पटतं? घोड्याऐवजी गाय असती तर? उत्तर कधीच मिळायचं नाही, पुढचा प्रश्न मिळायचा. ज्यांनी १९७३ चा 'द पेपर चेस' हा सिनेमा पाहिला असेल त्यांना प्राध्यापक किंग्जफील्ड आठवतील. त्यांचाही विषय काँट्रॅक्ट्सच होता, आणि ती भूमिका करणाऱ्या जॉन हाउसमनना ऑस्कर मिळालं. आमचे प्राध्यापक स्वभावाने बरेच प्रेमळ होते, पण पद्धत तीच.

ही पद्धत सुरू झाली तीही याच विषयापासून. १८७० साली हार्वर्डच्या लॉ स्कूलवर क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल नावाचे डीन आले. तोवर तिथेही प्राध्यापकांनी व्याख्यान द्यायचं आणि मुलांनी उतरवून घ्यायचं, असाच प्रकार होता. लँगडेल वर्गात आले ते छापील निकालांची पानं घेऊन, आणि त्यांनी एका विद्यार्थ्याला १७८९ च्या 'पेन विरुद्ध केव्ह' या खटल्याची हकीगत विचारली. लिलावात एका माणसाने चाळीस पौंडांची बोली लावली आणि हातोडा पडायच्या आत मागे घेतली. ती घेता येते का, एवढाच त्यातला प्रश्न. (येते. हातोडा पडेपर्यंत बोली म्हणजे नुसता प्रस्ताव.) मुलं वैतागली. आम्हाला कायदा काय आहे ते सांगा, दुसऱ्या मुलांची मतं कशाला ऐकवता, असा त्यांचा सूर होता. बघता बघता वर्ग ओस पडला आणि मूठभर विद्यार्थी उरले. १८७२ मध्ये जवळच बॉस्टन युनिव्हर्सिटीचं लॉ स्कूल निघालं, त्यामागे या नव्या पद्धतीविषयीची नाराजीही होती. पण लँगडेल हटले नाहीत. करार कायद्याच्या निकालांचं त्यांचं पुस्तक १८७१ मध्ये आलं आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत जवळपास सगळ्या अमेरिकेने त्यांचीच री ओढली.

माझ्यासारख्याला ही पद्धत आवडण्याचं कारण उघड आहे. आधी चालून गेलेला प्रोग्रॅम घ्यायचा, त्यात कुठे बिघाड झाला ते बघायचं, आणि त्यावरून नियम काढायचा. न्यू हॅम्पशायरमधल्या १९२९ च्या 'केसाळ हाता'चा खटला तर इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. विजेच्या तारेने भाजलेला एका मुलाचा तळहात शंभर टक्के नीट करून देतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी छातीची कातडी काढून तळहातावर लावली. तळहातावर केस उगवले. मग भरपाई कशाची? वेदनांची, की वचन दिलेला हात आणि मिळालेला हात यांच्या किमतीतल्या फरकाची? कोर्टाने दुसरं उत्तर दिलं. आम्ही त्या एका हातावर दोन तास घालवले.

सत्राच्या शेवटी शेवटी 'धंद्यावर बंदी घालणारे करार' हे प्रकरण आलं. याची परंपरा फार जुनी. १४१४ साली इंग्लंडमध्ये जॉन डायर नावाच्या रंगाऱ्याने सहा महिने गावात रंगकाम करणार नाही असं लिहून दिलं होतं. त्यावरून दावा आला तेव्हा न्यायाधीश हल इतके भडकले, की फिर्यादी समोर असता तर दंड भरेपर्यंत त्याला तुरुंगात टाकलं असतं, असं त्यांनी देवाची शपथ घेऊन सुनावलं. न्यायाधीशांच्या रागालाही इतिहास आहे. चौदाव्या शतकातल्या प्लेगने कामकरी माणूस दुर्मीळ झाला होता, आणि कुणी हात बांधून घरी बसावं हे राज्याला परवडणारं नव्हतं. पुढे व्यापार वाढला तसा कायदा मवाळ झाला. १७११ मध्ये लंडनच्या एका वस्तीत पाच वर्षं भट्टी चालवणार नाही, हा बेकरीवाल्याचा करार कोर्टाने वैध धरला. १८९४ मध्ये नॉर्डेनफेल्ट या तोफा-बंदुकांच्या कारखानदाराची जगभर आणि पंचवीस वर्षं लागू असलेली बंदीही वैध ठरली. इंग्लंडचा आजचा नियम त्यातूनच आला: बंदी वाजवी असेल तर चालेल, अवाजवी असेल तर नाही.

वाजवी म्हणजे काय, ते ज्याच्याकडे महाग वकील आहे तो ठरवतो, अशी टिप्पणी आमच्या वर्गातल्या एका मुलीने केली होती. प्राध्यापकांनी ती खोडून काढली नाही.

या प्रकरणाच्या शेवटी बारीक अक्षरात एक टीप होती. कॅलिफोर्नियात वाजवी-अवाजवी असा प्रश्नच उद्भवत नाही. तिथला कायदा म्हणतो, की कोणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा काम करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक. अपवाद मोजके, मुख्यतः दुकान नावलौकिकासकट विकलं असेल तेव्हाचा आणि भागीदारीतले. हे वाचताना काहीतरी ओळखीचं वाटलं. माझ्याकडे पुण्याहून आणलेली इंडियन काँट्रॅक्ट अ‍ॅक्टची पातळ पुस्तिका होती, अप्पा बळवंत चौकात मिळते तसली. कलम २७ काढलं. दोन मजकूर शेजारी ठेवले. प्रोग्रॅमची जुनी आणि नवी आवृत्ती ताडून पाहायची आम्हाला सवय असते, तसं केलं. गाभा एकच. अपवाद तेच. आणि दोन्हींचं साल एकच, १८७२.

योगायोगाने असं होत नाही. एका मजकुरावरून दोन प्रती निघाल्या असल्या तरच होतं. तो मूळ मजकूर न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड या वकिलाचा.

१८०५ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाचं घराणंच अचाट होतं. वडील धर्मोपदेशक. एक भाऊ सायरस फील्ड, ज्याने अटलांटिक महासागराच्या तळाशी तार टाकली. १८५८ ची तार काही आठवड्यांत मुकी झाली, १८६६ ची टिकली. दुसरा भाऊ स्टीफन १८४९ च्या सोन्याच्या धुंदीत कॅलिफोर्नियात गेला, तिथे न्यायाधीश झाला आणि १८६३ मध्ये लिंकनने त्याला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टावर नेमलं. डेव्हिडला वेड होतं ते कायदा लिहून काढण्याचं. कायदा निकालांच्या शेकडो पोथ्यांत विखुरलेला असेल तर तो फक्त वकिलांच्या मालकीचा राहतो, तो एका पुस्तकात क्रमाने लिहिला तर सामान्य माणूसही वाचू शकेल, हे त्याचं म्हणणं. म्हणजे लँगडेलच्या बरोब्बर उलटं टोक. त्याने लिहिलेली दिवाणी कामकाजाची संहिता न्यूयॉर्कने १८४८ मध्ये स्वीकारली. मग त्याने करार, मालमत्ता, नुकसानभरपाई या सगळ्यांची मिळून एक मोठी दिवाणी संहिता १८६५ मध्ये पूर्ण केली.

सामान्य माणसाचा एवढा कळवळा असलेला हा वकील पोटासाठी मात्र जे गुल्ड आणि जिम फिस्क या रेल्वेच्या सटोडियांचे खटले लढवायचा, आणि न्यूयॉर्कची तिजोरी धुऊन नेणाऱ्या 'बॉस' ट्वीडचाही तो वकील होता. माणसं अशी असतात. न्यूयॉर्कच्या वकीलवर्गाला तो फारसा प्रिय नव्हता आणि त्याची दिवाणी संहिता तर मुळीच नव्हती. जेम्स कार्टर या नामवंत वकिलाने तिच्याविरुद्ध आघाडी उघडली. कायदा लोकांच्या रीतीतून उगवतो, तो टेबलावर बसून लिहिता येत नाही, असं त्याचं प्रतिपादन. विधिमंडळाने ती मंजूर केली तरी राज्यपालांनी सही नाकारली. न्यूयॉर्कमध्ये ती संहिता कधीच लागू झाली नाही.

पण कोकणातला कुणीही सांगेल, की कलम करायला मूळ झाड बागेत मोठं व्हायलाच हवं असं नाही. चांगली काडी आणि तयार रोप पुरतं. (आपल्या भाषेत कायद्याच्या कलमाला आणि आंब्याच्या कलमाला एकच शब्द आहे, त्याचा एवढा फायदा मी घेतो.) डकोटा प्रदेशाने फील्डची संहिता लगेच उचलली. कॅलिफोर्नियाने १८७२ मध्ये ती थोडाफार फेरफार करून स्वीकारली. आणि दुसरी काडी रुजली ती कलकत्त्यात.

हिंदुस्थानच्या करार कायद्याचा पहिला मसुदा लंडनमध्ये बसलेल्या विधी आयोगाने १८६६ मध्ये तयार केला. पुढची सहा वर्षं तो लंडन आणि कलकत्ता यांच्यामध्ये हेलपाटे घालत होता. त्यावरून इतके मतभेद झाले, की आयोगाच्या सदस्यांनी शेवटी राजीनामे दिले. ते काम तडीला नेलं ते व्हाइसरॉयच्या मंडळातले कायदा सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी. (इंग्रजी साहित्य वाचणाऱ्यांसाठी: व्हर्जिनिया वुल्फचे सख्खे काका.) एप्रिल १८७२ मध्ये कायदा मंजूर झाला आणि १ सप्टेंबरपासून लागू झाला. त्यात २६६ कलमं होती. पाया इंग्लिश कायद्याचा, पण काही ठिकाणी फील्डच्या मसुद्यातली वाक्यं आणून बसवली होती. कलम २७ त्यांपैकी एक. त्याच साली स्टीफन यांनी केलेला पुराव्याचा कायदा जुलै २०२४ मध्ये जाऊन त्याजागी नवा कायदा आला. करार कायदा मात्र, मालविक्री आणि भागीदारीचे भाग १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळे काढले ते सोडल्यास, आजही चालू आहे.

या कलमाची पहिली मोठी परीक्षा दोनच वर्षांत झाली. १८७४ मधला 'माधवचंद्र विरुद्ध राजकुमार' हा खटला. कलकत्त्याच्या एकाच वस्तीत दोघांची तांब्यापितळेची दुकानं. एकाला दुसऱ्याची स्पर्धा जाचू लागली. तू इथलं दुकान बंद कर, तू कारागिरांना जी उचल दिली आहेस ती मी तुला भरून देतो, असं त्याने कबूल केलं. दुसऱ्याने शब्दाप्रमाणे दुकान बंद केलं. पहिल्याने पैसे दिले नाहीत. दावा हायकोर्टात गेला.

आमच्या प्राध्यापकांना हा खटला माहीत नव्हता. मी वर्गात तो सांगितला तेव्हा सगळ्यांचं मत पडलं, की शब्द पाळणाऱ्याला पैसे मिळायला हवेत. मिळाले नाहीत. मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच म्हणाले, की कलम २७ खाली मुळात हा करारच निरर्थक आहे, मग पैसे कसले? दुसऱ्या बाजूच्या वकिलाचा युक्तिवाद होता, की ही बंदी एका वस्तीपुरती आहे, इंग्लंडमध्ये अशी अंशतः बंदी चालते. काउच यांनी शेजारच्या कलम २८ कडे बोट दाखवलं. तिथे कायदा करणाऱ्यांनी 'सर्वस्वी' अशा अर्थाचा शब्द घातला आहे, सत्तावीसमध्ये घातलेला नाही. म्हणजे सत्तावीसमध्ये अंशतः बंदीही येते. एका गाळलेल्या शब्दावर भारताचा कायदा इंग्लंडपासून फुटला तो असा. दीडशे वर्षं झाली, तो पुन्हा जुळलेला नाही. आणि ज्याचं व्यवसायस्वातंत्र्य राखण्यासाठी हे कलम होतं, तोच बिचारा दुकान आणि पैसे दोन्ही घालवून बसला.

हे काउच साहेब आपल्याला परके नाहीत. ते आधी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला विष घातल्याचा आरोप आला तेव्हा चौकशी आयोगाचे अध्यक्ष तेच होते. त्या आयोगात तीन इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी धरलं, तीन हिंदी सदस्यांनी धरलं नाही, आणि तरी गादी गेलीच. तेही प्रकरण पुराव्याचंच, पण तो विषय वेगळा.

या खटल्यातल्या 'कारागिरांना दिलेली उचल' या शब्दांपाशी मी नंतर बराच काळ अडकलो. दुकानदारांचं स्वातंत्र्य कलम २७ ने राखलं. त्या कारागिरांचं काय? त्यांच्यासाठी दुसराच कायदा होता. १८५९ च्या कायद्याप्रमाणे, उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेट कामावर परत जायचा हुकूम देऊ शके, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. दंडसंहितेचं कलम ४९२ तर वाचताना अंगावर काटा येतो. मालकाने स्वखर्चाने दूरच्या ठिकाणी नेलेला कामगार मुदतीआधी काम सोडून गेला, तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा प्रवासखर्चाच्या दुपटीपर्यंत दंड. कराराची कमाल मुदत तीन वर्षं. तिकीट मालकाने काढायचं, मुदत तीन वर्षांची, मध्येच सोडलंस तर भर पैसे: आयटीतल्या कुणाला हे अनोळखी वाटेल? कैद सोडली तर बाकीचं आम्ही सही करून आलो आहोत.

हिंदुस्थानाबाहेर नेलेल्या मजुरांची स्थिती याहून वाईट. मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार. पण मॉरिशसला, फिजीला, नाताळला गेलेल्या लाखो लोकांच्या तोंडी 'गिरमिट' होतं ते 'अ‍ॅग्रीमेंट'चं. मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरीकडची आणि मुंबई इलाख्यातली आपली माणसंही होती, आणि त्यांची पतवंडं तिथे आजही गणपती बसवतात. त्या कराराखाली मळा सोडून जाणं हा गुन्हा होता. करार अंगठा उठवून झालेला, भाषा न कळणारी. कलम २७ त्यांच्या कामी कधी आलं नाही. १८५९ चा कायदा आणि दंडसंहितेतलं ते कलम, दोन्ही रद्द करणारा कायदा १९२५ मध्ये झाला. तोवर एकाच देशात, एकाच काळात, दुकानदाराला धंदा सोडायला लावता येत नव्हतं आणि कारागिराला काम सोडता येत नव्हतं. करार कायदा शिकवताना पहिला अर्धा भागच शिकवतात, हे मला बरोबर वाटत नाही.

कलमाला टीकाकारही मोठे मिळाले. ऑक्सफर्डचे सर फ्रेडरिक पोलॉक आणि मुंबईचे दिनशा मुल्ला यांचं या कायद्यावरचं भाष्य १९०५ मध्ये आलं, आणि भारतातल्या विद्यार्थ्यांच्या कपाटात ते अजून असतं. फील्डच्या मसुद्यातली ठिगळं पोलॉकना अजिबात मान्य नव्हती. पुढे स्वतंत्र भारताच्या विधी आयोगाने १९५८ मध्ये सुचवलं, की कलम २७ बदलावं आणि वाजवी बंदी चालू द्यावी. संसदेने ते केलं नाही. माझ्या मते बरं झालं.

तरी कोर्टांनी एक भेद केला. नोकरी चालू असतानाची बंदी वेगळी आणि सोडल्यानंतरची वेगळी. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आलेला खटला कल्याणचा. सेंच्युरी रेयॉनने टायरसाठी लागणारं सूत बनवण्याचं तंत्र हॉलंड आणि जर्मनीच्या कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलं होतं. एका शिफ्ट सुपरवायझरला (आडनावावरून आपल्याकडचाच) प्रशिक्षण देऊन पाच वर्षांचा करार केला. तो मध्येच सोडून राजस्थानात कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात गेला. कोर्टाने सांगितलं, की पाच वर्षांची मुदत संपेपर्यंत दुसरीकडे तसंच काम करायचं नाही, ही अट वैध. उलट २००६ मध्ये श्रीरामपूरच्या झहीर खानचा खटला. त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीच्या करारात अशी अट होती, की करार संपल्यावरही दुसऱ्याकडे जायच्या आधी आम्हाला विचारायचं. मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठाने आणि मग सुप्रीम कोर्टाने सांगितलं, करार संपला म्हणजे संपला, कलम २७ वाचा. आणि मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट वैध धरली. कारण ती दुसरीकडे जाण्यापासून रोखत नाही, फक्त जाण्याची किंमत लावते. माझ्या जुन्या बाँडच्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांनी हे असं मिळालं. प्रमाणपत्र कपाटात ठेवण्याबद्दल त्यात काही नाही.

दुसऱ्या रोपाकडे वळतो. कॅलिफोर्नियात फील्डचं वाक्य १९४१ पासून कलम १६६०० म्हणून ओळखलं जातं. १९५७ मध्ये माउंटन व्ह्यूच्या शॉकली सेमिकंडक्टरमधून आठ तंत्रज्ञ एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड काढली. तिथून बाहेर पडून नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. स्टॅनफर्ड आणि कोलंबियात शिकवणारे प्राध्यापक रोनाल्ड गिल्सन यांनी १९९९ मध्ये असा सिद्धांत मांडला, की सिलिकॉन व्हॅलीने बॉस्टनच्या रूट १२८ ला मागे टाकलं, त्यामागे हे कलम आहे. माणसं सहज नोकऱ्या बदलत राहिली आणि त्यांच्याबरोबर ज्ञान फिरत राहिलं. मला हे अर्धंच पटतं. लष्कराचा पैसा आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ हे कलमाइतकेच कारणीभूत असावेत. पण अर्धं पटतं ते स्वानुभवाने. २००९ च्या मंदीत मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका सल्लागार कंपनीत होतो. आमच्याच एका गिऱ्हाइकाने मला थेट नोकरी देऊ केली. कंपनीच्या वकिलाचं एक पत्र गेलं आणि ती नोकरी हवेत विरली. एच-१बी वर असलेल्या माणसासाठी अशा पत्राचा अर्थ किती वेगळा असतो, ते इथे सांगायला नको. काही महिन्यांनी कॅलिफोर्नियात नोकरी मिळाली. तिथल्या करारपत्रातही ते कलम होतं, शेवटी एक ओळ होती: कॅलिफोर्नियातल्या कर्मचाऱ्यांना लागू नाही.

मॅसॅच्युसेट्सने २०१८ मध्ये कायदा करून अशा बंदीवर सर्वसाधारणपणे बारा महिन्यांची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये, अगदी छोटी बंदीसुद्धा चालणार नाही असं स्पष्ट केलं. म्हणजे काउच साहेब १८७४ मध्ये जे म्हणाले होते, तेच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने जवळपास सगळ्या देशासाठी नॉन-कॉम्पिट बंद करायचा नियम काढला, तो ऑगस्टमध्ये टेक्सासच्या कोर्टाने रद्द केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने अपील सोडून दिलं.

आणि न्यूयॉर्क? तिथल्या विधिमंडळाने २०२३ मध्ये नॉन-कॉम्पिट बंद करणारं विधेयक मंजूर केलं. वॉल स्ट्रीटच्या कंपन्यांचा विरोध होता. मोठ्या पगाराच्या लोकांना यातून वगळावं, असं गव्हर्नर कॅथी होकल यांचं म्हणणं होतं. तडजोड झाली नाही, आणि डिसेंबरमध्ये त्यांनी सही नाकारली.